बशीतला चहा आणि माझी एमएस्सी

बशीतनं चहा पिते म्हणून हसू नका गं, या बशीनंच मला एमएस्सी केलंय! शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. सोलापुरात आमची भौतिकशास्त्राची तोंडी परीक्षा होती. परीक्षक पुण्याचे, आणि माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी रडवून बाहेर पाठवलेलं. मी आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा आला, तशी घाबरून मी घरच्या सवयीनं तो बशीत ओतला. आमच्या बिराजदार सरांनी डोळे वटारले.

परीक्षकांनी विचारलं, "पातळ थरातले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात म्हणजे काय?"

पाठ केलेलं सगळं उडालं. हातात बशी तेवढी होती, तीच हलवली. "असं, सर. एकेक थेंब न्हाय, अख्खा चहाच डुलतोय की!"

"आणि वरून चुंबकक्षेत्र लावलं तर?"

"ते इलेक्ट्रॉनला बाजूला वळवतं. मग हेलकावा सरळ न जाता कडेकडेनं गोल फिरतो." मी मनगट फिरवलं. चहा गोल फिरला, थेंबही सांडला नाही.

परीक्षकांनी आपला चहा बशीत ओतला, गोल फिरवून बघितला आणि फुर्रकन पिऊन टाकला.

"बिराजदार, हिला फर्स्ट क्लास," ते म्हणाले, "आणि मला अजून एक चहा सांगा. बशी जरा मोठी आणा म्हणावं!"