डबल बेल

(डेपोच्या गेटासमोर संपाचा मांडव. भर दुपार. ड्रायव्हर वाहिद एकटाच बसलेला. त्याच्या गाडीवरचा कंडक्टर घनश्याम नुकताच आला आहे.)

वाहिद : बस ना. उभा काहून हाय? सतरंजी आपल्याच वर्गणीतली हाय.

घनश्याम : बसतो. एवढ्या मोठ्या सतरंजीवर तू एकटाच? बाकीचे कुठी गेले?

वाहिद : आत. ते पाह्य, वर्कशॉपच्या सावलीत, इकडं पाठ करून. काल जुम्म्याच्या नमाजले गेलतो. परत आलो त मांडवातली दोरी जवळपास रिकामी. बिल्ले काढून नेले लेकायनं.

घनश्याम : कोणीच काही बोललं नाही?

वाहिद : मारोती तेवढा थांबला. म्हणे, माय बिमार हाय, जा लागते.

घनश्याम : त्याची माय त कधीचीच वारली बे.

वाहिद : मले सांगतं? मयतीले आपण दोघंही होतो. तू भजन म्हटलं होतं. तरी मी म्हटलं, जा, सांभाळ मायले.

घनश्याम : हसू नको. हसासारखं नाही हे.

वाहिद : मंग रडू? एकट्यानं रडलं त लोक म्हणतीन संप संपला.

घनश्याम : दोरीत कोणाकोणाचे उरले?

वाहिद : तुहा अन् माहा. खाली गाठीशी माहा, त्याच्यावर तुहा. पहिल्या दिवशी आपणच पहिले ओवले ना. तूच म्हटलं होतं, तुळशीच्या माळेवानी करू. बिल्ल्याबिगर ड्यूटी नाही, अन् माळ तुटल्याबिगर बिल्ला नाही. सगळे संगं उतरलो, संगंच चढू.

घनश्याम : म्हटलं होतं खरं.

वाहिद : अन् त्याच दिवशी कीर्तन ठेवलं होतं इथं.

घनश्याम : काय रंगलं होतं रे ते! बुवा अभंग म्हणता म्हणता मधीच थांबले, नुसता हात वर केला, अन् मागच्या टाळकऱ्यायनं असा उचलला, असा उचलला... गेटावरचे पोलीसही डोलत होते. माह्या त अंगावर काटा आला होता.

वाहिद : तवा तू माह्या कानात काय म्हटलं, आठवते?

घनश्याम : जाऊ दे ना.

वाहिद : म्हटलं, वाहिद, संप मंजे हेच. समोरचा थांबला का मागच्यायनं धरा लागते. मले कीर्तनातलं काय समजते, पण हे समजलं. डेपोच्या साहेबानं मले बडतर्फ केलं, मी थांबलो. वाट पाहून राह्यलो घनश्याम. मागून आवाजच नाही आला.

घनश्याम : साहेबाचं म्हणणं असं हाय का, कंत्राटी ड्रायव्हर आणाचं वरूनच ठरलं. त्यायच्या हातात काही नाही.

वाहिद : मी कुठी म्हटलं त्याच्या हातात हाय? आपलं म्हणणं काय होतं? जे कराचं ते आमच्यासंगं बसून करा. सगळ्यायसंगं. एवढंच ना? ते म्हणे, बोलतो, पण एकेकानं आत या. आता एकटा माणूस साहेबासमोर बसून काय बोलन? चहा चांगला हाय, एवढंच बोलन.

घनश्याम : चांगला कायचा, पानचट रायते.

वाहिद : तुले कसं मालूम?

घनश्याम : मंजे... सांगतेत ना सगळे.

वाहिद : हं. तुले मारेगावचं आठवते का? भजनी मंडळी चढली होती. मागच्या सीटवर कोणाच्या तरी झोळीतले टाळ दोनदा वाजले, अन् मी समजलो तूच डबल बेल देली. काढली गाडी.

घनश्याम : अन् मी पानटपरीवर! चुना लावलेलं पान हातात, अन् माही गाडी माह्या डोळ्यासमोरून चालली. अख्खं मारेगाव हासलं होतं. फाट्यापावतर पळालो बाप्पा.

वाहिद : तवापासून कान शिकला. तुह्या दोन ठोक्यायच्या मधी जरा दम रायते. टाळ वाजवते ना तू, तसा. त्याच्याबिगर कधी गाडी हलवली नाही मी. अन् तो आला का मंग मागं पाह्यलं नाही. डबल झाली का निघा लागते, बस.

घनश्याम : वाहिद, मी तुले एक सांगाले आलो होतो.

अकीला : (वाहिदची बायको, डबे घेऊन येते) सादचे अब्बा, धरा बरं हा डबा, हात भाजून राह्यला. अरे, घनश्यामभाऊ! बरं झालं भेटले. तुमच्यासाठी वेगळ्या डब्यात भगर आणली.

घनश्याम : भाभी, कायले तरास घेतला?

अकीला : आज एकादस ना तुमची? तुम्ही रोज इथं बसता, आज त उपाशी. तुमच्या बेबीताईनं देलेला शिजवाचा गंज हाय ना, त्याच्यातच केली. वेगळी. अंड्या-मटनाचं काही लागत नाही त्या गंजाले, तुमच्या उपासासाठीच ठेवला मी. घ्या.

घनश्याम : नको.

अकीला : आता हे काय? शेंगदाण्याचा कूट घालून केली.

घनश्याम : तसं नाही भाभी. माही एकादस मोडली आज. बिस्कीट खाल्लं.

अकीला : तुम्ही? तापात पाण्याचा घोट घेत नाही एकादसले, तुम्ही?

घनश्याम : ध्यानातच नाही आलं. समोर बशी आली, हात गेला. अर्धं तोंडात गेल्यावर आठवलं. उरलेलं अर्धं कुठी ठेवू, म्हणून तेही खाल्लं.

वाहिद : घनश्याम, आपल्या टपरीवर त बशी नसते.

घनश्याम : नसते.

वाहिद : कोणाची बशी होती?

घनश्याम : साहेबाची.

वाहिद : कवा गेलता?

घनश्याम : सकाळी. मागच्या दारानं.

वाहिद : अन् लिहून देलं?

घनश्याम : देलं. युनियनशी माहा संबंध नाही म्हणून.

वाहिद : मंग इतका येळ माह्यापाशी बसून काय करून राह्यला होता बे?

घनश्याम : मले वाटलं, तू वळखशीन. एखादी शिवी हासडशीन, मंग मी उठून जाईन. तू त मारेगाव काढलं.

वाहिद : बेबीताईची तब्येत बिघडली का? तसं असन त सांग. मी समजू शकतो.

घनश्याम : तिले काही नाही झालं. पोरगी समीक्षाही सासरी बरी हाय. तू नको शोधू माह्यासाठी कारण. मले भेव लागलं, वाहिद. साहेबानं माहं नाव घेतलं, एकट्याचं, अन् मी सही कुठी कराची तेवढंच इचारलं. मारोतीले माय तरी सुचली. मले तेही नाही सुचलं.

अकीला : खरं त बोलले तुम्ही.

घनश्याम : खरं बोलून याले कामावर घेणार हाय का कोणी? मी म्हटलं साहेबाले, देवाशपथ म्हटलं, वाहिदलेही घ्या. आम्ही एका गाडीवरचे हाओत.

वाहिद : काय म्हणे?

घनश्याम : म्हणे, इथं दुसऱ्याचं बोलाचं नाही. आपापलं बोला.

वाहिद : हं. एका वाक्यात उरकला त्यानं आपला सगळा संप.

घनश्याम : काही तरी बोल ना मले.

वाहिद : ड्यूटी कोणती लावली?

घनश्याम : मारेगावचीच. आताच. गाडी लागली हाय.

वाहिद : स्टेरिंगवर कोण हाय?

घनश्याम : कंत्राटी. नवाच हाय, वाशीमकडचा.

वाहिद : त्याले सांगजो, राजूर फाट्यावर कोळशाचे ट्रक इंडिकेटर नाही देत. तिथं हळू घेजो म्हणा. अन् तू झोपू नको त्या वळणावर, तुही जुनी सवय हाय. गाडी आपली असो नसो, माणसं आपल्याच तालुक्यातली हायेत.

घनश्याम : सांगतो. मले... माहा बिल्ला पाह्यजे होता.

वाहिद : दोरी समोर हाय. काढ.

घनश्याम : तू काढून दे.

वाहिद : मी ओवला. काढाले मले नको सांगू.

घनश्याम : माहा हात नाही होत रे.

अकीला : इकडं आणा ती दोरी. दोघंही लेकरायवानी करून राह्यले. हा तुमचा ना? घ्या. अन् ही भगर पण न्या, डब्यासकट. एकादस मोडली, पोट त नाही ना मोडलं. डबा बेबीताईच्या हातानं पाठवजा.

घनश्याम : भाभी, यानं माह्याशी बोलणं नाही ना सोडलं?

अकीला : जा तुम्ही. गाडीचा टाइम झाला.

घनश्याम : येतो रे वाहिद.

वाहिद : जा.

अकीला : पाणी प्या. असं दोरीकडं पाहून काय होते?

वाहिद : एकाच बिल्ल्याची माळ कोणी पाह्यली का, अकीला?

अकीला : काढून ठेवू का तुमचाही?

वाहिद : राहू दे. मीच गाठ मारली, नाही निघाची... गेट उघडलं वाटते.

अकीला : हो. मारेगावचीच हाय. वळली पाह्य.

वाहिद : मी नाही पाहत. एक बेल झाली का?

अकीला : झाली. थांबली गाडी. आपल्या मांडवासमोरच थांबली.

वाहिद : कोणी चढते का?

अकीला : कोणीच नाही हाय रस्त्यावर. घनश्यामभाऊ दारात उभे हायेत. एक पाय खाली टेकवला त्यायनं.

वाहिद : उतरला?

अकीला : इकडंच पाहून राह्यले.

वाहिद : अकीला, उतरला का?

अकीला : नाही. पाय वर घेतला.

वाहिद : डबल ऐकली? मधी दम घेतला पाह्य. त्याचीच.

अकीला : ऐकली. गेली गाडी... आता तुम्ही कुठी उठले? भाकर तशीच हाय डब्यात. सतरंजी काहून गुंडाळून राह्यले?

वाहिद : डबल झाली ना. निघा लागते.