गेमच्या पेटीवरचा नारळ

गोंदियाच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात रुची मिक्सर मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. त्यांचं बोलणं कानावर येतच होतं.

“परवा मंडईची जत्रा, अन् आपल्या व्हिडिओ गेमच्या पेटीचा पडदा दिवाळीपासून थरथरूनच राहिला.”

“ॲडाप्टर तं नवा टाकला ना तुमी?”

“नवाच खराब दिला या दुकानवाल्यानं. घडीभर चित्र दिसते, मंग नुसत्या आडव्या रेघा. आज याले सोडत नाही मी.”

“हळू बोला. लोकं आयकून राहिले.”

“आयकू दे. बाबाच्या काळापासून आपली पेटी मंडईत पिंपळाखाली लागते. औंदा बंद दिसली तं ते जागा पाळणेवाल्याले भेटन. मंग जल्मात वापस येत नाही.”

“अवो, एक विचारू?”

“विचार ना.”

“दिवाळीच्या पूजेचा नारळ कोठं फोडला तुमी?”

“पेटीच्या डोक्यावर. दरसाल तेथंच फोडतो. काऊन?”

“दरसाल वरती पत्रा राहते.”

रुचीनं मिक्सरची वायर उगाचच बोटाला गुंडाळली.

“औंदा तुमीच काढला ना, आत हवा लागली पायजे म्हणून. नारळाचं पाणी सारं आत गेलं.”

“मंग तवाच काऊन नाही बोलली?”

“तुमी डोळे मिटून हात जोडले होते. पूजेत टोकू कशी?”

आतून दुकानदाराची हाक आली, “हां, ॲडाप्टरवाले भैया! आइए, बताइए!”

“जा ना. तुमालेच बलावून राहिला.”

“तूच जाय, देवका. काल फोनवर मी त्याले चोर म्हटलो.”