गुडघाभर गारा

सिल्लोडला आमच्या दारात गुडघाभर गारा पडल्या, हे कुणी मानायलाच तयार नाय. पंचनाम्याला आलेला तलाठी म्हणला, "बाई, एवढ्या गारा आजवर कागदावर नायत. खोटं निघालं तर खोटं सांगणारी म्हणून तुमचं नाव लिहीन."

म्हणलं, "लिव्हा की!"

वितळू नयेत म्हणून मी गारांवर भुसा टाकला होता. तलाठ्यानं पट्टी लावली, तर गुडघाभरच भरल्या. मग त्यानं वर बघितलं.

"पत्र्याचा उतार इकडंच हाय. अख्ख्या छपराच्या गारा इथं घसरून साचल्यात. लिहू का नाव?"

"माझं कशाला? पत्रा मी ठोकला का?"

"मग कुणी?"

लग्नाला वीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी गल्लीसमोर ठणकावून सांगितलं, "काशिनाथ!"