चष्म्याचा खिसा

— नाही हो ताई, रोज नाही होत उशीर, आजच झाला, आज सरकारदरबारी गेलो होतो ना! आत या, पायरीवर किती ताटकळणार — त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, खुर्चीत बसा. पावती आणलीत? जुनी दिसतेय. असू दे, कपडा कुठं जातोय! ती मागची दांडी बघा — सगळे न नेलेले कपडे. माणसं माप देतात, थोडे पैसे देतात आणि गायब. ती पाटी? 'तीन महिन्यांनंतर दुकान जबाबदार नाही' — छे, ती नुसती भीती घालायला. शोधतो तुमचा कपडा, जरा श्वास घेऊ द्या. आज काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या हातून काम व्हायचं नाही.

माझ्या जावयानं मोबाइलवर शोधून काढलं — म्हणे विसरलेल्या खात्यांचे पैसे सरकार सांभाळून ठेवतं आणि वारसांची वाट बघतं. मी हसलो. म्हटलं, सरकार आपल्याला शोधतं ते घ्यायला, द्यायला नाही. तर त्या यादीत आमचे वडील! याच मशीनवर बसायचे ते. काडेपेटीतल्या काड्यांचा हिशेब विचारणारा माणूस, आणि त्यांचं अख्खं खातं पडून? मग काय — मी तडक जाऊन नवीन मशीन सांगून आलो, वर दुकानदाराला म्हटलं, मोटरवर चालणारी पण दोन दाखवा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तो भट मीच.

बायको म्हणाली, त्या विटक्या सदऱ्यात गेलात तर तुम्हालाच बेवारस समजून आत ठेवून घेतील. खोटं नाही, अख्ख्या गल्लीला कपडे घालतो, पण माझ्या अंगावर धड काही नसतं. म्हणून हा कोट. — बघताय ना मघापासून? छान बसलाय ना? शिवण माझीच. पण... सांगतो, तुम्ही काही कुणाला बोलणार नाही — कोट माझा नाही. दांडीवरचाच. मालक फिरकलाच नाही, आणि मला ढगळ होत होता, तर बाजूनं आत घेतला, बाह्या आखूड केल्या. काय रुबाब हो त्याचा! शिपाई उठून उभा राहिला. मला वाटलं माझ्या मागून कुणी साहेब येतोय, मी पण बाजूला सरकलो.

खिडकीतल्या बाई मात्र भुलल्या नाहीत. विचारतात, तुम्हीच मुलगा कशावरून? मी नाक पुढं केलं — म्हटलं, वडिलांचा फोटो बघा आणि हे बघा. हसल्या नाहीत. पुन्हा तेच — दाखला आणा, साक्षीदार आणा! आधीच खेटे घालून घालून चपला झिजल्या होत्या माझ्या. आज डोकंच फिरलं. भर रांगेत ओरडलो — चोर आहात सगळे, मेलेल्या माणसाचं दाबून बसलाय! तर त्या बाईंनी शांतपणे फाइल माझ्याकडे वळवली. वारसाच्या रकान्यात माझं नाव. वडिलांच्या अक्षरात. माझं हो — ज्याला जन्मभर उडाणटप्पू म्हणाले! डोळ्यांत पाणी आलं, भर कचेरीत, लोकांसमोर.

रक्कम? मशीन कसलं, मशीनचं पायडलसुद्धा यायचं नाही. पण व्याजासकट, पै न् पै! एवढी वर्षं कुणी हात लावला नाही. आणि चोर चोर म्हणून ओरडत कोण होता — तर दुसऱ्याचा कोट घातलेला मी. येताना वाटेत सुचलं ते, आणि एकटाच हसत सुटलो.

बरं, आणा ती पावती. एक मिनिट हं, चष्मा... हा खिसा किती कामाचा आहे बघा, नेमका चष्म्यापुरता. हं. राखाडी कोट. अस्तर मरून रंगाचं. आत डावीकडे जास्तीचा खिसा, चष्म्या—

...

तुम्ही मघापासून शिवण बघत नव्हता तर.

अहो, बोलायचं नाही का, ताई! मी आपला गिरणी लावून बसलोय! थांबा, काढतो. हे बघा, हे आत बघा — एक सूतसुद्धा कापलेलं नाही, नुसतं दुमडलंय. वडिलांची शिकवण, गिऱ्हाइकाचं कापड कापून टाकायचं नाही, आत ठेवायचं, माणूस उद्या जाड होतो. उसवलं की होता तसा. संध्याकाळी साहेबांनाच पाठवा, अंगावर घालून बघू, काही कमीजास्त... येणार नाहीत? गावाला गेलेत? मग आले की...

असं.

असं होय. माप दिलं तेव्हा तर चांगले धडधाकट होते.

आणि मी म्हणत बसलो, मालक फिरकलाच नाही.

ठेवा ती पर्स, आत ठेवा. बाकी-बिकी काही नाही. माप आहे माझ्याकडे, त्यांच्याच मापाचा करून देतो, बोटभरसुद्धा इकडचा तिकडं होणार नाही. उद्या-बिद्या नको, बसा, आत्ताच उसवतो. तेवढं पंख्याचं बटण लावा.

आणि आता माझ्याशी बोलू नका, ताई. उसवताना बोललं की कापडाला कात्री लागते.