माझ्या माहेरचा फोन

“फोन तिच्या माहेरचा हाय. त्यात कुटलं आलंय एनएफसी!” सासूबाई आत मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगत होत्या. मी कपबशा घेऊन दाराशीच.

फोन नुसता टेकवून पैसे द्यायला एनएफसी लागतं, हे ह्यांना ऑफिसात कळलेलं. आल्या आल्या घरात सांगितलं. चहा होताच आपला नवाकोरा फोन माझ्या फोनाच्या पाठीला लावून चोळला. काहीच होईना.

“तुझ्यात नाही,” ह्यांचा निकाल.

“म्या म्हनलं न्हवतं?” सासूबाई खूश.

“असू दे की, पोरीचा काय दोष?” मामा.

मी सेटिंगमध्ये शोधलं. माझ्या फोनात एनएफसी होतं. ह्यांच्या फोनात नावालाही नव्हतं. दोन्ही फोन सासूबाईंपुढं ठेवले.

“आत्या, मुलीकडचं सगळं तपासलंत. मुलाकडचं बघायचं राहिलंच की!”