गोळी न लागणारा गडी

आमच्या लासूरच्या मामांचे उपकार ऐका. मी कॉमिक काढत होतो. त्यातला खलनायक म्हणजे फौजेच्या फसलेल्या प्रयोगातला जवान. त्याला ना गोळी लागायची, ना आग. मग हरवायचा कसा? तिथंच गाडी अडली. मामा स्वतः फौजेतून रिटायर झालेले. चित्रं बघून म्हणाले, “छावणीतून पळाल्यापासून हा जेवलाय का?”

“मामा, तो शहर जाळायला निघालाय!”

“उपाशी माणूस दुसरं काय करंल? लग्नाच्या पंगतीत बसव त्याला.”

बसवला. वाढप्यांनी असा आग्रह केला की गडी ताटावर आडवा हात धरून ओरडला, “बास! शरण आलो!”

पुस्तक छापून आल्यावर मी फोन केला. “मामा, तुमच्यामुळं झालं हे.”

“ते राहू दे. जिलेबीवर त्याला मठ्ठा दिला का?”