तिसऱ्या कपाटातली सीडी

न्हाई अम्मा, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मोडकाय — इकडं बसा, पंख्याखाली. देगलूरहून नांदेडला तिसरी खेप तुमची, ठाऊक हाय मला. पहिल्यांदा म्हणलो साहेब न्हाईत — साहेब आतच होते. दुसऱ्यांदा म्हणलो मशीन बंद हाय. मशीनला काय झालतं? कायबी न्हाई. चहा सांगू? बरं, राहू द्या.

तुमच्या पोरीच्या, शिवम्माच्या डोक्याच्या स्कॅनचा चार वर्षांमागचा फोटो पाहिजे, हाव ना? तुमच्याकडची फिल्म पत्रं गळून खराब झाली, म्हणून माझ्याकडं आलात. लातूरचे डॉक्टर काय म्हणले — डाग तेवढाच असला तर गोळ्या, वाढला असला तर डोकं उघडायचं, अन् जुना फोटोच न्हाई मिळाला तर? तर उघडूनच बघायचं. बरोबर हाय त्यांचं. म्हणून तर आमच्या साहेबांनी त्या भारी सीड्या आणल्या होत्या — साध्या न्हाईत, दवाखान्यासाठीच्या, शंभर वर्षं टिकणाऱ्या. एका पेशंटची एक, वरी नाव माझ्या हातचं. सेंटरात किशनरावाचं अक्षर म्हणजे — जाऊ द्या. तीन कपाटं भरली होती.

मंग नवा कम्प्युटर आला. साहेब म्हणले, किशनराव, एकेक सीडी यात उतरवा, फोटो उघडून बघा, मंगच जुनी काढा. एकेकीला दहा मिनिटं, अम्मा! दोन कपाटं केली — इमानदारीनं केली, शपथ घेतो. तिसऱ्याला कटाळा आला. कोण मागतंय जुनं, असं वाटलं. रजिस्टरात ‘उतरवली, बघितली’ लिहून खाली सही ठोकली. साहेबांनी पाठ थोपटली माझी त्या दिवशी.

सीड्या? सीड्या… आमचं उमरीला दोन एकर हाय. जवारी हुरड्यात आली की पाखरं लई. चमकतं काही टांगलं की येत न्हाईत — सगळेच टांगतात, मी एकट्यानंच न्हाई — मधल्या भोकातून सुतळी ओवली, काठीला बांधली की झालं. बायको म्हणली, अवो, यावर नावं लिव्हलीत माणसांची. म्हणलो, पाखरांना कुठं वाचता येतंय! हसलो आम्ही. दोघंबी हसलो. त्या साली जवारी लई चांगली झाली, अन् तिची भाकर मी वर्षभर इथंच, ह्याच टेबलावर डबा उघडून खाल्ली. असं नका बघू अम्मा. शिव्या द्या, पण असं नका बघू. लाज वाटून राहिली मला, लई लाज वाटून राहिली.

रविवारी गेलतो. बांध, झुडपं, जळणाचा ढीग — सगळं धुंडाळलं. ही सापडली. बघा, ‘शिवम्मा मलप्पा’ — शाई जशीच्या तशी. पण वाऱ्यानं काठीवर घासून घासून खालची, फोटो असतो ती बाजू गेली. तीन कम्प्युटरांत घालून बघितली, बाहेरच फेकतंय. काही दिसत न्हाई अम्मा. कपाटात असती तर टिकली असती.

घेऊन जाता म्हणता? न्या, तुमचीच हाय. डॉक्टर विचारतील, सीडीला काय झालं — तर सांगा उंदरानं… न्हाई. उंदीर नका सांगू. थांबा, मी येतो तुमच्यासंगं आत. साहेबांपुढं सांगतो, ही सही माझी, पोरीच्या डोक्यावर सुरी आली तर ती माझ्यामुळं. लातूरच्या डॉक्टरांना तसं लिहूनबी देतो. रात्री ठरवूनच आलो. चला, उठा —

दार वाजलं का? साहेबच हायत. इकडंच येऊन राहिले… अम्मा, ती सीडी पिशवीत घाला. घाला म्हणतो ना, पदराखाली धरा! — काही न्हाई साहेब, जुनं रेकॉर्ड मागायला आल्यात, सांगितलं त्यांना, सापडत न्हाई म्हणून. जा अम्मा, जा तुम्ही आता. देगलूरची गाडी सुटंल.